फियाटचं रबर : कुर्ला ते मुलुंड

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची लय शक्यतो तशीच ठेवली आहे.)

सुरुवातीलाच एक खुलासा करतो. जाहिरातीत 'मुंबईच्या मोटारींचा इतिहास' असं छापलंय, त्यामुळे काही जण महाराजांच्या रोल्स रॉईस बघायला मिळतील या आशेने आले असतील. तसलं काही माझ्याकडे नाही. माझ्याकडे ही पिशवी आहे आणि पिशवीत रबर आहे. (हशा)

हा पहिला तुकडा बघा. प्रीमियर पद्मिनीच्या पुढच्या काचेभोवतीची पट्टी. आपण तिला 'काचेचं रबर' म्हणतो, गॅरेजवाले 'बीडिंग' म्हणतात. माझ्या गाडीवर ती पंचवीसेक वर्षं होती. आता वाकवतो... ऐकू आलं? तुटली. हा दुसरा तुकडा कंपनीच्या बंद पाकिटातून काढलेला, गाडीवर एकदाही न चढलेला. तोही वाकवतो. हा तुटला नाही, पण बोटाला काळं लागलं आणि या कडेला केसासारख्या भेगा दिसतायत. पहिल्या रांगेतल्यांनी हात लावून बघायला हरकत नाही. एक तुकडा आयुष्यभर उन्हात होता, दुसरा आयुष्यभर अंधारात, आणि दोघांची गत साधारण सारखीच झाली. आजचं सगळं बोलणं या दोन तुकड्यांभोवती आहे.

आधी गाडी कुठून आली ते बघू. वालचंद हिराचंद हे सोलापूरचे. जहाज, विमान आणि मोटार ही तिन्ही वाहनं या देशात बनली पाहिजेत असा ध्यास घेतलेला माणूस. त्यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि कारखाना कुर्ल्याला काढला. सुरुवातीला अमेरिकेतल्या क्रायस्लरशी करार होता. डॉज, प्लिमथ, डिसोटो या गाड्या सुट्या भागांत यायच्या आणि इथे जोडल्या जायच्या. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला इटलीतल्या तुरिनच्या फियाटशी संबंध जुळला. ११०० नावाची गाडी आली. इटालियनमध्ये 'मिलेचेंतो', म्हणजे नुसतं अकराशे. इंजिन १०८९ सीसीचं. त्या मालिकेतल्या एका गोलमटोल मॉडेलला आपल्याकडे 'डुक्कर फियाट' म्हणायचे, ते इथल्या ज्येष्ठांना आठवत असेल. मग १९६४ मध्ये ११०० डी आली. तिचंच नाव पुढे आधी प्रीमियर प्रेसिडेंट आणि १९७४ मध्ये प्रीमियर पद्मिनी झालं. अंग तेच, नाव चितोडच्या राणीचं.

आता एक गंमत लक्षात घ्या. इटलीत या ११०० मालिकेचं उत्पादन १९६९ मध्ये थांबलं. कुर्ल्यात ती २००० सालाच्या आसपासपर्यंत बनत राहिली, म्हणजे जन्मगावी बंद झाल्यावर आणखी तीस वर्षं! त्या तीस वर्षांत या गाडीचा प्रत्येक स्क्रू, प्रत्येक वॉशर कुठून आला हा प्रश्न इटलीचा राहिलाच नव्हता. तो कुर्ला, घाटकोपर, भांडुप, साकीनाका, ठाणे इथला प्रश्न झाला होता. आणि या प्रश्नाचा इतिहास कुठे लिहिलेला नाही. कंपन्यांच्या अहवालांत वालचंदांचं नाव सापडतं, कराराची वर्षं सापडतात. काचेच्या रबराचा डाय कोणी कापला हे सापडत नाही.

हे देशीकरण आपोआप झालेलं नव्हतं. टॅरिफ कमिशनचा अहवाल १९५३ साली आला आणि त्यानंतर सरकारने धोरण ठरवलं : नुसत्या जोडणीवर गाडी विकायची नाही, टप्प्याटप्प्याने भाग इथे बनवायचे. जनरल मोटर्सचा शिवडीला १९२८ पासून जोडणीचा कारखाना होता. त्यांनी गाशा गुंडाळला. प्रीमियर राहिली. राहायचं तर भाग इथे करायचे. आणि मोटारीत रबराचे भाग किती असतात याची आपल्याला कल्पना नसते. टायर दिसतात, बाकीचे दिसत नाहीत. काचांची रबरं, दारांची बीडिंगं, पुढच्या दाराच्या त्या तिकोनी काचेचं रबर, डिकीचं रबर. इंजिनाखालची माउंटिंगं, ज्याला आपले मेकॅनिक 'फाउंडेशन' म्हणतात. गिअरबॉक्सखालचं वेगळं. सस्पेंशनचे बुश, पाट्यांचे बुश, रेडिएटरचे होज, फॅन बेल्ट, ब्रेकच्या सिलिंडरमधल्या छोट्या वाट्या, पॅडलवरची रबरं, वायर जिथून पत्र्यातून जाते तिथली गोल ग्रोमेट. मी एकदा माझ्या गाडीवरचे मोजायला बसलो आणि शंभर ओलांडल्यावर चहाला उठलो.

टायरचा विषय थोडक्यात सांगतो, कारण तो ओळखीचा आहे आणि त्यात एक छान योगायोग आहे. सिएट ही कंपनीसुद्धा मुळात तुरिनचीच, १९२४ची. भारतात ती १९५८ मध्ये आली आणि कारखाना भांडुपला झाला. म्हणजे एकाच आग्रा रोडच्या परिसरात, आजच्या एलबीएस मार्गावर, कुर्ल्याला तुरिनची गाडी आणि भांडुपला तुरिनचा टायर! मधलं अंतर लोकलने पाच-सहा स्टेशनांचं. माझे वडील त्या पट्ट्यात नोकरीला होते. संध्याकाळी भांडुपला गाडी थांबली की रबराचा तो गोडसर जळका वास डब्यात यायचा, आणि डोळे मिटून बसलेले लोकसुद्धा उतरायच्या तयारीला लागायचे.

पण टायर मोठे कारखाने करतात. बाकीचे शंभर भाग कोण करायचं? गाळेवाले. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली झालं, त्याची पहिली वसाहत म्हणजे मुलुंडच्या पलीकडची वागळे इस्टेट. मग अंधेरीला मरोळ. शिवाय साकीनाका, घाटकोपर, भांडुप इथल्या खासगी इंडस्ट्रियल इस्टेटी. गाळ्यात एक रोलमिल, दोन-तीन हायड्रॉलिक प्रेस, कोपऱ्यात गंधकाची आणि काजळीची पोती. काजळी म्हणजे कार्बन ब्लॅक, तिच्यामुळे रबर काळं दिसतं आणि टिकतं. कच्च्या रबराचा गोळा साच्यात ठेवायचा, साधारण दीडशे अंशांवर दाबून शिजवायचा. गंधकाबरोबर रबर तापवलं की त्याचा चिकटपणा जाऊन लवचिकपणा येतो, हे अमेरिकेत चार्ल्स गुडइअरला १८३९ मध्ये सापडलं. इंग्लंडमध्ये थॉमस हॅनकॉकने पेटंट घेतलं. आमच्या गाळेवाल्यांना या दोघांची नावं माहीत नसायची. ते म्हणायचे, 'भाकरी भाजल्यासारखं आहे. कच्चं राहिलं तरी वाया, करपलं तरी वाया.'

साच्यातून भाग निघाला की कडेला पातळ पापुद्रा येतो. तो कात्रीने कापायचं काम घरोघरी जायचं. आमच्या चाळीत दुपारी दोन-तीन बायका मांडीवर सूप घेऊन ते करत बसलेल्या असत. नगावर पैसे. मी लहानपणी तो पापुद्रा ताणून बोटावर गुंडाळायचो. ज्या वाट्या त्या कापत होत्या त्या ब्रेकच्या होत्या हे मला पन्नाशीत कळलं.

आता प्रश्न असा की ही सगळी व्यवस्था चालली कशावर? खासगी फियाटवाल्यांवर? नाही हो. खासगी माणूस गाडी रविवारी धुणार आणि गणपतीला गावी नेणार. त्याला दहा वर्षांत एकदा रबर लागतं. व्यवस्था चालली टॅक्सीवर. नव्वदच्या दशकात मुंबईत साठ हजारांच्या घरात टॅक्सी होत्या आणि त्यांतल्या बहुतेक फियाट. टॅक्सी दोन पाळ्यांत पळते, खड्ड्यांतून पळते, तिचे बुश काही महिन्यांत बाद होतात. साठ हजार गाड्यांचे बुश! एका साच्याचा खर्च आठवड्यात वसूल. म्हणून कंपनीने भाग द्यायचं थांबवल्यावरही बाजाराने थांबवलं नाही. ऑपेरा हाउसच्या स्पेअर पार्टच्या दुकानांत, कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर, कुठल्याही टॅक्सी गॅरेजात तुम्ही 'फियाटचं फाउंडेशन द्या' म्हटलं की मागच्या फळीवरून निघायचं. आम्हा हौशी लोकांना वाटायचं की फियाट म्हणजे देखभालीला सोपी गाडी. ती सोपी नव्हती. टॅक्सीवाल्यांच्या खांद्यावर आम्ही फुकट बसलो होतो.

मग वयाची मर्यादा आली. आधी पंचवीस वर्षांची, मग वीस. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत नोंदली गेली ती २९ ऑक्टोबर २००३ रोजी. त्यात वीस मिळवा. ऑक्टोबर २०२३ संपता संपता काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून कायद्याने गेली. वर्तमानपत्रांत फोटो आले, लोकांनी हार घातले, गहिवरले. मीही गहिवरलो. पण खरं सांगायचं तर त्या दिवशी जे संपलं ते खूप आधीपासून संपत आलं होतं. दुकानदार नवा माल भरत नव्हता, फळीवरचा जुना विकत होता.

आणि इथे तो दुसरा तुकडा येतो, पाकिटातला. जुन्या गाडीचे लोखंडी भाग शोधणं हा एक आनंद असतो. चोर बाजारात, भंगारात, बंद पडलेल्या गॅरेजच्या माळ्यावर तुम्हाला कधी तरी ग्रीस लावून गुंडाळलेला गिअर मिळतो, आणि तो चाळीस वर्षांपूर्वीचा असला तरी नवाच असतो. पितळ तसंच, काच तशीच. रबराचं तसं नाही. रबर शिजवल्या दिवसापासून वय मोजायला लागतं. हवेतला प्राणवायू त्याला कडक करतो, ओझोन त्याला ताणलेल्या जागी चिरतो, मुंबईची उष्ण दमट हवा त्या कामात मदत करते. बंद पाकिटामुळे वेग कमी होतो, एवढंच. म्हणून कोणी मला आनंदाने फोन करतो, 'सर, कंपनीचं ओरिजिनल रबर मिळालं, सीलपॅक!', तेव्हा मी विचारतो, किती सालचं? आणि पुढे फार बोलवत नाही. काचेचं रबर असेल तर पाणी गळेल एवढंच. इथे पावसाळ्यात दोन मीटरहून जास्त पाऊस पडतो. ते पाणी काचेखालून डॅशबोर्डमागे, तिथून मॅटखाली जातं आणि पत्रा सडतो. ब्रेकचं असेल तर काय, ते पुढे सांगतो.

तर मग नवीन बनवून घ्यावं. सोपं वाटतं ना? जुना भाग द्यायचा, 'असाच करून दे' म्हणायचं. मीही तेच केलं आणि इथे मला ज्ञानेश्वरी आठवली. (हशा) हसू नका, कारण आहे. ज्ञानेश्वरीच्या प्रती हातोहात उतरवल्या गेल्या, प्रत्येक लेखकूने थोडं चुकवलं, पुढच्याने ती चूक मूळ समजून उतरवली. म्हणून एकनाथांना शके १५०६ मध्ये अनेक प्रती समोर ठेवून शुद्ध प्रत तयार करावी लागली. रबराच्या साच्याचंही अगदी हेच होतं. शिजलेलं रबर थंड झालं की आक्रसतं, दीड ते दोन टक्के धरा. जाणता साचेवाला तेवढा साचा मोठा ठेवतो. अजाणता जुना भाग मोजून त्याच मापाचा साचा करतो. पन्नास मिलिमीटरचा बुश एकोणपन्नासचा निघतो. काही वर्षांनी दुसरा कोणी तो एकोणपन्नासचा नमुना घेऊन येतो आणि अठ्ठेचाळीसचा बुश तयार होतो. त्यात मूळ नमुना वापरून झिजलेला, दबलेला, सुकलेला. बाजारात आज 'पद्मिनीचा बुश' म्हणून जे मिळतात ते एकमेकांशी जुळत नाहीत; ते असे नकलांच्या नकला आहेत. खराखुरा आकार पाहिजे तर रबर मोजून चालत नाही. ज्या लोखंडात ते बसतं ते लोखंड मोजावं लागतं. पत्र्याची कड किती जाड, काच किती जाड, बोल्टचं भोक केवढं. लोखंड आक्रसलेलं नसतं. हे मला एका लेथवाल्याने शिकवलं, त्याने एकनाथांचं नाव घेतलं नाही, पण पद्धत तीच होती : आपल्यासमोरच्या प्रतीवर विश्वास ठेवू नये.

मापाबरोबर कडकपणाचं गणित असतं. इंजिनाच्या फाउंडेशनचं रबर साधारण पन्नास-साठ शोअरचं असावं लागतं. शोअर म्हणजे रबराची कडकाई मोजायचं माप. छोटं घड्याळासारखं यंत्र टेकवायचं. फियाटचा गिअर स्टीअरिंगच्या दांड्यावर. फाउंडेशन मऊ झालं की इंजिन डुलतं आणि गिअरच्या लांबलचक सांध्यांची जुळणी बिघडते. दुसरा टाकायला जावं तर भलतीकडेच जातो. फार कडक घातलं तर अख्खी गाडी पिठाच्या गिरणीसारखी थरथरते. मी एकदा ट्रकच्या माउंटिंगचं रबर कापून बसवलं होतं, जाड आणि मजबूत. बायको भांडुप यायच्या आत म्हणाली, 'मला इथेच उतरव, मी लोकलने येते.' (हशा)

आता ब्रेक. हा प्रसंग मी आजवर जाहीरपणे सांगितलेला नाही, कारण चूक माझी होती.

चाकाच्या ब्रेक सिलिंडरमध्ये रबराच्या छोट्या वाट्या असतात. पॅडल दाबलं की द्रव त्या वाट्यांना ढकलतो, वाट्या पिस्टनला, पिस्टन ब्रेकला. मला त्या नव्या मिळेनात. एका गाळ्यात गेलो. मालक चांगला, जुना कारागीर. मी नमुना दिला. त्याने विचारलं, 'साहेब, कशात चालणार?' मी म्हटलं, 'ब्रेक ऑइलमध्ये.' तो म्हणाला, 'मग ऑइलप्रूफ रबर लावतो. महाग पडेल, पण टिकेल.' मी खूश. भाग सुंदर निघाले, चकाचक, धारदार कडा, मापात बरोबर. बसवले. पंधरा दिवस उत्तम.

मग एका संध्याकाळी कुर्ल्याहून मुलुंडला येताना गाडी जड वाटायला लागली. एलबीएसवर नेहमीचा खोळंबा, म्हणून मी क्लचला दोष दिला. कांजूरच्या पुढे वास यायला लागला. भांडुपला उतरून चाकाला हात लावला आणि हात झटकन मागे घेतला. पॅडल सोडलं तरी ब्रेक सुटतच नव्हते. नशीब की ते धरून बसले. सुटून बसले असते तर मी आज बोलत नसतो.

काय झालं होतं? शब्दाने घात केला होता. आपण ज्याला 'ब्रेक ऑइल' म्हणतो ते ऑइल नाहीच. ते ग्लायकॉलच्या जातीचं द्रावण आहे. रबराच्या जगात दोन कुळं आहेत असं समजा. नायट्राइल हे पेट्रोल आणि खनिज तेलाला दाद देत नाही, पण ब्रेकच्या द्रवात फुगतं. नैसर्गिक रबर, एसबीआर आणि साठच्या दशकात आलेलं ईपीडीएम ही मंडळी ब्रेकच्या द्रवात सुखाने राहतात, पण पेट्रोल-डिझेलच्या स्पर्शाने फुगून निकामी होतात. माझ्या गाळेवाल्याने 'ऑइल' शब्द ऐकला आणि ऑइलप्रूफ म्हणजे नायट्राइल लावलं. त्याचं काही चुकलं नाही. त्याला जे सांगितलं त्याला ते उत्तर बरोबरच होतं. वाट्या फुगल्या आणि सिलिंडरमध्ये बुचासारख्या अडकल्या. उलट चूकही तितकीच सर्रास होते : मेकॅनिक ब्रेकचे भाग पेट्रोलने धुतो, स्वच्छ दिसावेत म्हणून, आणि चांगल्या वाट्या मारतो. ब्रेकचे भाग ब्रेकच्याच द्रवाने नाही तर स्पिरिटने धुवायचे. पूर्वीच्या ब्रेकच्या द्रवात एरंडेल तेल आणि अल्कोहोल असायचं. 'ऑइल' हे नाव तेव्हापासून चिकटलं असावं असा माझा तर्क आहे. द्रव बदलला, नाव राहिलं.

तेव्हापासून मी एक रेघ मारून घेतली आहे. काचेचं, दाराचं, पॅडलचं रबर गाळ्यात करून घेतो, पर्यायी घालतो, जुगाड करतो. ब्रेकचं नाही. तिथे नामांकित ब्रेक कंपनीची, चालू गाडीसाठी आज बनणारी त्याच व्यासाची वाटी शोधायची. वाटीला गाडीचं नाव महत्त्वाचं नसतं, सिलिंडरचा व्यास आणि वाटीची घडण महत्त्वाची. फक्त इंची आणि मिलिमीटरी यांत गफलत करू नका. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, पंचवीसची वाटी त्यात बसते, बसल्यासारखी दिसते आणि झिरपते. आणि सिलिंडरच झिजला असेल तर पितळेचा किंवा स्टीलचा पातळ स्लीव्ह घालून प्रचलित मापावर आणता येतो. जरा महाग पडतं. पडू द्या.

बाकीच्या भागांसाठी मुंबईसारखं गाव नाही. नागदेवी स्ट्रीटला रबराच्या शीट, होज, दोऱ्या मीटरवर आणि किलोवर मिळतात. वायरीची ग्रोमेट लोहार चाळीत, फक्त भोकाचा व्यास आणि पत्र्याची जाडी सांगायची. 'फियाट' शब्द उच्चारला की दुकानदार 'नाही' म्हणतो, 'बारा मिलिमीटर' म्हटलं की मूठभर समोर टाकतो. हा धडा सगळीकडे लागू पडला. गाडीचं नाव घेतलं की भाग 'बंद झालेला' असतो. माप घेतलं की तो बऱ्याचदा चालू असतो. दाराच्या बीडिंगसाठी जुन्या पट्टीचा आडवा काप काढायचा, जिथे ती कमी दबली आहे तिथला, म्हणजे बिजागरीजवळचा. तो स्टॅम्पच्या शाईवर टेकवून कागदावर ठसा घ्यायचा. बसची बॉडी बांधणाऱ्यांना पट्ट्या पुरवणाऱ्यांकडे अशा आडव्या आकारांचे अख्खे तक्ते असतात. आपला ठसा त्यांच्या तक्त्याशेजारी धरायचा. माझ्या डिकीचं रबर एका मिनीबसच्या दारासाठीचं आहे. ईपीडीएमचा स्पंज, मूळ रबरापेक्षा जास्त टिकेल. मूळ वस्तूपेक्षा पर्याय चांगला निघणं हेही घडतं, शुद्धतावाद्यांना ते आवडत नाही.

पुढच्या काचेचं रबर मात्र असं मिळत नाही, कारण त्याला एकाच वेळी काच, पत्रा आणि क्रोमची सजावटी पट्टी धरायची असते. त्याला साचा लागत नाही, पोलादी चकतीत कापलेला छोटा डाय लागतो. रबर त्यातून शेवया पाडतात तसं लांबलचक बाहेर येतं. गाडीला लागतं तीन-साडेतीन मीटर. पण मशीन लावायचं तर वाला म्हणतो, किमान एवढे किलो घ्या, म्हणजे कित्येक गाड्यांचं. एकट्याने करायचं काम नाही. आम्ही काही जणांनी, बोरिवली, अंधेरी, घाटकोपर, डोंबिवली असे फियाटवाले जमवून, वर्गणी काढून एकदा ते काढलं. गणपतीची वर्गणी जमवणं त्यापेक्षा सोपं. (हशा) पहिली खेप फसली, क्रोमची पट्टी बसेना. दुसरी जमली. इटलीतही जुन्या ११००साठी रबरं नव्याने बनतात, मागवता येतात, पण पन्नास वर्षांत कुर्ल्याच्या पत्र्याने आपली वेगळी वाट धरलेली असते. दरवेळी जुळेलच असं नाही.

एक नवीन अडचण सांगतो, कारण ती उद्या तुमच्या स्कूटरपर्यंतही येईल. पेट्रोलमधलं इथेनॉल. फेब्रुवारी २०२३ मध्ये वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलची विक्री देशात सुरू झाली आणि आता तेच सर्वत्र आहे. जुन्या पेट्रोल पाइपाचं रबर आणि पंपातला पडदा या मिश्रणासाठी बनलेलेच नव्हते. ते मऊ पडतात, फुगतात, तडकतात. आणि फियाटमध्ये पंप इंजिनालाच लागून. तिथे ठिबकणं म्हणजे काय हे सांगायला नको. माझं म्हणणं, गाडी जुनी असेल तर पेट्रोलचा रबरी पाइप चांगला दिसत असला तरी काढून टाका आणि नव्या इंधनासाठी बनवलेला, तसं छापलेला पाइप घाला. इथे मूळपणाचा हट्ट नको.

मूळपणावरून एक आठवलं. केंद्राने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांचे नियम काढले. पन्नास वर्षांहून जुनी गाडी, मूळ रूपात ठेवलेली, चासी-बॉडी-इंजिनात मोठा फेरफार नसलेली. तिला 'व्हीए' अक्षरांची वेगळी नंबरमालिका. त्या व्याख्येत रबराचा उल्लेख येत नाही, आणि तो शहाणपणा आहे. कारण मूळ रबर असलेली पन्नास वर्षांची गाडी चालवणं हाच मोठा धोका. मला अधूनमधून कोणी टोचतं, 'तुमची गाडी ओरिजिनल कुठे राहिली?' मी म्हणतो, फियाटचं रबर सुरुवातीपासून ओरिजिनल नव्हतंच. तुरिनच्या चित्रावरून घाटकोपरच्या गाळ्यात शिजलं, आमच्या चाळीत त्याच्या कडा कापल्या गेल्या. मी तेच काम त्याच पट्ट्यात पुन्हा करून घेतोय.

मात्र तो पट्टाच आता उरलेला नाही. प्रीमियरच्या जागेवर कुर्ल्यात उंच इमारती आहेत, रस्त्याच्या नावात प्रीमियर राहिलंय. एलबीएसवरच्या कितीतरी कारखान्यांचे मॉल आणि टॉवर झाले. गाळेवाले वसई, पालघर, भिवंडीकडे गेले, काहींनी गाळा विकून काम बंद केलं. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्यात माझ्या ओळखीच्या एका गाळ्यात छातीइतकं पाणी होतं. प्रेस वाचले, मांडणीवरचे साचे गंजले. मालकाने ते घासून ठेवण्याऐवजी विकले. दोष नाही देत. साचा म्हणजे चार-पाच किलो पोलाद, भंगारात त्याला वजनाने भाव येतो, आणि त्यावर कसलंच नाव कोरलेलं नसतं. कुठल्या गाडीचा, कुठल्या भागाचा, ते मालकाच्या डोक्यात. मालक गेला की मुलाच्या दृष्टीने ते लोखंड.

बरं, वेळ झालाय, प्रश्न घेऊ. हो, मागे, निळा शर्ट.

(श्रोत्यांतून प्रश्न : काका, माझ्या आजोबांचा साकीनाक्याला रबराचा गाळा होता. घरी माळ्यावर दोन पेट्या साचे आहेत. ते फियाटचे आहेत की नाही, कसं ओळखायचं?)

अरे! हे तू सुरुवातीला सांगायचंस, मी एवढं बोललोच नसतो. (हशा) आधी एक कर, घरी फोन करून सांग, दिवाळीची साफसफाई करताना त्या पेट्यांना हात लावू नका. मग प्रत्येक साच्यात प्लॅस्टर ऑफ पॅरिस नाही तर मेण ओतून ठसा काढ, म्हणजे भाग डोळ्यांसमोर येईल. साचा घासू नको, वायर ब्रश तर मुळीच नको, नुसतं तेल लाव. आजोबांची बिलबुकं, डायऱ्या असतील तर तीही जपून ठेव. साच्यावर कधी कधी नुसता आकडा ठोकलेला असतो आणि तो आकडा वहीत असतो. आजी आहेत का? आहेत ना? मग त्यांना विचार की घरी कडा कापायला कुठले भाग यायचे. त्यांच्या हातांना आठवत असेल. आणि या रविवारी मी मोकळा आहे. साकीनाका म्हणजे घाटकोपरहून मेट्रोने तीन स्टेशनं. व्हर्निअर घेऊन येतो.